मागून येऊ का?

१

पिवळी पानं गळून संपत आली, अंगणातलं दव गोठायला लागलं, की दर गुरुवारी दुपारी माझ्या शेडमध्ये आम्ही माशा बांधायला बसतो.

तोंड वाकडं करू नका. खऱ्या माशा नव्हेत. गळाच्या आकड्यावर कोंबड्याच्या मानेची पिसं, लोकर, चकचकीत धागा असं काय काय गुंडाळून केलेली खोटी माशी. ती पाण्यात सोडायची आणि स्टीलहेडला फसवायचं. स्टीलहेड म्हणजे समुद्रात हुंदडून, चांगला हातभर लांब होऊन, जिथे जन्मला त्याच नदीत परत येणारा मासा. ताकदवान आणि माजोरडा. दिवसचे दिवस त्याच्या नाकासमोर माशी नाचवा, तो ढुंकून बघत नाही. माशीने मासा धरायचा, एका अक्षराचा काय तो फरक, आणि त्या एका अक्षरात माझं उभं आयुष्य गेलं.

नदीचं नाव विचारू नका. ती पुढे स्कीना नावाच्या मोठ्या नदीला मिळते, एवढं पुरे. आमच्याकडे माणूस बायकोचं खरं वय सांगेल, पण नदीचं नाव सांगणार नाही.

मी विल्फ. शाळा मी चौथीत सोडली, शाळेनेही ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. शेडमध्ये एक लांब टेबल, कोपऱ्यात लाकडाची शेगडी, शेगडीजवळ माझा म्हातारा कुत्रा बिस्किट, आणि सहा स्टुलं. त्यांतल्या पाच स्टुलांचा एकेक पाय मी नखभर कापून ठेवलाय. ऐन गाठ मारताना पाहुणा डुगडुगला की मला जेवण गोड लागतं.

पाहुणे दोनच. तोर्लिफ आणि त्याची बायको मार्ज. तोर्लिफ नॉर्वेहून आलेल्यांचा नातू. ताडमाड उंच, कंबर गेलेली, चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड. लग्नापासून नदीवर येतोय आणि आजवर एकही स्टीलहेड त्याने काठाला लावलेला नाही. एकही. मार्जने किती धरले याची गणती नाही. नाकावर माशी बसू न देणारी बाई, पण चिमट्यात आकडा पकडून माशी बांधायला लागली की बघत राहावं.

त्या गुरुवारी तोर्लिफने एक माशी संपवली.

"तोर्ल्या, हे काय रे? माशी बांधलीस का कोणाच्या नाकातून काढलीस?"

"तुझ्या काढली."

"माझ्या नाकात इतकं सुबक काही नसतं."

मार्ज खो खो हसली. तोर्लिफ हसला नाही. तो उठला, आपला चिमटा उचलला आणि शेजारच्या स्टुलावर जाऊन बसला. तिथे दुसरी माशी बांधली. झाली तशी पुन्हा उठला, पुढच्या स्टुलावर.

"मूळव्याध?" मी विचारलं.

"नाही."

"मग खालून कोण चावतंय?"

"तू गप बांध."

"घरीही हेच चाललंय," मार्ज म्हणाली. "जेवायला तीन खुर्च्या लागतात त्याला. सूप एकीवर, बटाटे दुसरीवर, कॉफी तिसरीवर. मी म्हटलं, ताट गळ्यात बांध आणि गावभर फीर."

मला वाटलं, डुगडुगणारी स्टुलं चुकवतोय बेटा. पण न डुगडुगणारं जे एकमेव स्टूल आहे, माझं स्वतःचं, तेही मी शेगडीत लाकूड घालायला उठलो तेव्हा त्याने एका माशीपुरतंच वापरलं आणि सोडलं.

इथे माझी माशी शिंकली.

२

पुढच्या गुरुवारी मी ठरवलं, ह्याची गंमत करायची. तो एका स्टुलावरून उठला की लगेच तिथे आपण जाऊन बसायचं. तो पुढे, मी मागे, टेबलाला प्रदक्षिणा. मार्जला हसून हसून ठसका लागेल असा माझा हिशेब.

तो उठला. मी टुणकन बसलो.

आता, माणूस बसून उठला की स्टूल गरम असतं. ह्यात काही मोठं शास्त्र नाही. त्यात शेगडी लालबुंद, आम्ही सगळे बाह्या वर करून बसलेले. पण ते स्टूल नदीतल्या दगडासारखं गार होतं. गार आणि ओलं. पाणी विजारीतून आत आलं तसा मी ताडकन उभा राहिलो.

आणि उभा राहता राहता पाठीमागे ऐकलं: टिक-टिक-टिक. गळाच्या काठीच्या रिळावरून कोणी दोरी सोडवून घेतं तेव्हा रीळ बोलतं ना, तसं.

वळून बघितलं. भिंत होती. भिंतीवर माझा कोट, मूस हरणाची शिंगं, गेल्या सालचं कॅलेंडर. रीळबीळ काही नाही. आमची सगळ्यांची रिळं पेटीत.

मी विचार केला. छत गळत असेल. पण पाऊस नव्हता, बर्फही नव्हता. कोणाची कॉफी सांडली असेल. पण कॉफी इतकी गार माझ्या शेडमध्ये होतच नाही, मी होऊ देत नाही.

"विल्फ," मार्ज माझ्या विजारीकडे बघत म्हणाली, "ह्या वयात होतं असं. लाजायचं नाही."

ती हसली, मीही हसलो. तोर्लिफ मात्र माझ्याकडे बघत होता. आणि बिस्किट, जो शेगडी सोडून माझ्या हाकेलाही उठत नाही, तो उठला, त्या स्टुलाला लांबून वळसा घातला आणि माझ्या पायाशी येऊन बसला.

३

"सरपण आणू चल," तोर्लिफ म्हणाला. पेटी सरपणाने भरलेली होती. मी गेलो.

बाहेर लख्ख ऊन. लाकडाच्या राशीपाशी तो उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "विल्फ, खरं सांग. तूच ना?"

हा प्रश्न मला गावात सगळेच विचारतात. पाद्रीबाबांच्या गाडीत सामन मासा झोपवून ठेवला तेव्हाही पहिला प्रश्न मलाच आला होता. उत्तर होय असतं आणि ते मी अभिमानाने देतो.

"काय मीच?"

"पियानोवर. गेल्या महिन्यात, कातरवेळी. मागून आलास तो."

पियानो हा आमच्या नदीतला एक डोह. जुन्या काळी कोणाचा तरी पियानो होडीतून तिथे बुडाला म्हणून ते नाव. सगळ्यात चांगलं पाणी तिथलं, म्हणून तिथले रिवाजही सगळ्यात कडक. कुठे लिहिलेले नाहीत, पण कोणी मोडत नाही. डोहात उतरायचं ते वरच्या टोकाला. आधीच कोणी उभा असेल तर विचारायचं, "मागून येऊ का?" तो म्हणतो, "ये." मग तो माशी टाकतो, दोन पावलं खाली सरकतो, पुन्हा टाकतो. मागचाही तसंच. पुढच्याने रेंगाळायचं नाही, कारण मागचा येतोच आहे. आणि "ये" म्हणताना वळून कोणी बघत नाही. नजर दोरीवर असते. कोण का असेना, नाही म्हणायचा प्रश्नच नसतो.

"कोणीतरी विचारलं, मागून येऊ का," तोर्लिफ म्हणाला. "मी म्हटलं, ये."

"आवाज कसा होता?"

"चांगला होता रे. सभ्य. टोपी काढून बोलल्यासारखा. मग मी सरकतोय, मागे ते सरकतंय. बुटाचे खिळे गोट्यांवर वाजतात ना, कर्र-कर्र, तसं. बरोबर अंतर राखून. मनात म्हटलं, असे लोक आता राहिले कुठे! अर्ध्या डोहात मार्जने वरून हॉर्न वाजवला, जेवायला चल म्हणून. मी बाहेर आलो, वळून म्हटलं, पुढचं पाणी तुमचं. तर तिथे कोणी नाही."

"आणि?"

"आणि गाडीपर्यंत कर्र-कर्र आलं."

मी एक लाकूड उचललं आणि परत राशीवर ठेवलं. 

"मी थांबलो की ते येतं, विल्फ. रिवाजच आहे ना, पुढचा रेंगाळला की मागचा चढत येतो. आधी अंगणात होतं. मग दारात, मग जिन्यात. आता मानेला गारवा लागतो. झोप लागली की किती जवळ येत असेल देव जाणे. मी झोपतच नाही." त्याने चष्मा काढून पुसला. "सांग ना, तू होतास म्हणून. मी रागावणार नाही. मार्जची शपथ, बाटली पाजीन तुला."

त्याचा चेहरा असा झाला होता की, न केलेली चेष्टा आपल्या नावावर घ्यावी असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"मी नव्हतो रे."

त्याचे खांदे पडले. आणि राशीच्या पलीकडे, जिथे गोठलेल्या गवतावर ऊन चमकत होतं आणि दुसरं काहीही नव्हतं, तिथे वाजलं: कर्र. कर्र.

आम्ही दोघं एकदम दुसऱ्या राशीपाशी गेलो. पळालो असं कोणी म्हणत असेल तर म्हणो.

४

मार्जला सांगितलं. मला वाटलं किंचाळेल.

"अस्सं!" ती म्हणाली. "म्हणजे ते ओले पाय त्याचे? महिनाभर मी फरशी पुसतेय! दारात बूट काढायला काय होतं मेल्याला?"

"मार्ज, मी मरेन," तोर्लिफ म्हणाला.

"मरायचं नंतर बघू, आधी लेफ्से खा." लेफ्से म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. ती चिमट्यात नवा आकडा अडकवत विचार करत राहिली. "ते रिवाज पाळतंय ना? मग रिवाजानेच सुटायचं. ज्याच्या हाती मासा येतो तो कुठे जातो?"

"रांगेच्या शेवटी," मी म्हणालो. तोही नियम आहे. मासा धरलात, पोट भरलं, आता सगळ्यांच्या मागे जा.

"मग झालं. तू मासा धर. तू जाशील त्याच्या मागे. मागच्याच्या मागून कोण येणार?"

तोर्लिफ तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे मला फक्त," तो म्हणाला, "एक स्टीलहेड धरायचा आहे."

मी तोर्लिफकडे बघितलं, मार्जने माझ्याकडे. मग मार्जच्या तोंडातून फुस्स झालं, मग माझ्या, मग त्याच्याही, आणि तिघंही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. लग्नापासून एक नाही, आणि आता जिवावर बेतलंय तर एक धर म्हणे! हसता हसता तोर्लिफ उठला आणि पुढच्या स्टुलावर बसला.

मग मोहीम आखली. जायचं पियानोवरच, सकाळी, धुक्यात, कारण तेव्हा मासा बेसावध असतो. मार्ज काठावर जाळी घेऊन. राहिली माशी. मी उठलो, फळीमागचा तंबाखूचा डबा काढला आणि माझी काळी-निळी माशी टेबलावर ठेवली. अख्खं खोरं तिच्या मागे लागलेलं. तिचं शेपूट कशाचं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मार्जने भिंग लावलं. "अस्वल? नाही. घुबड?"

"बिस्किट," मी म्हणालो. "गळ्याखालचे केस."

"कुत्रा!" तोर्लिफ ओरडला. "एवढी वर्षं मी तुला त्यासाठी दारू पाजतोय, आणि कुत्रा?"

त्याचा चेहरा पहिल्यांदा पूर्वीसारखा झाला. तेवढ्यासाठी गुपित गेलं तरी चालेल.

५

सकाळी डोहावर धुकं असं दाट होतं की पलीकडचा काठ दिसेना. पाणी हिरवं, थंड, आनंदी. मेलेल्या सामनचा वास, वर कुठेतरी गरुडाची शीळ. मला त्या पाण्यात उतरताना अजून लग्नाच्या मांडवात शिरल्यासारखं वाटतं.

"तू पुढे राहा," तोर्लिफ म्हणाला. "पुढे कोणीतरी ओळखीचं हवं."

मी उतरलो. त्याला न दिसेल असं, माझ्या माशीच्या आकड्याचं टोक पकडीने छाटून टाकलं होतं. म्हणजे मासा लागलाच तर चावेल, पण अडकणार नाही. सगळे मासे त्याचे.

"मागून येऊ का?" तोर्लिफने विचारलं.

ह्या खेपेला मी वळून नीट तोंड बघून घेतलं. "ये."

टाकायचं, दोन पावलं. टाकायचं, दोन पावलं. माझ्या मागे तोर्लिफचे बूट, जड आणि बेताल. आणि त्याच्या मागे आणखी एक बूट, ताल न चुकवणारे.

मी बघितलं नाही. स्वतःला म्हटलं, प्रतिध्वनी. धुक्यात होतो. धुकं मऊ असतं, त्यात प्रतिध्वनी कसा, असं चौथीत शाळा सोडलेल्याने विचारू नये.

डोहाच्या मध्यावर, बुडालेल्या काळ्या दगडाशी, माझी माशी कोणीतरी ओढली. जोरात. काठी वाकली आणि सुटली. होता! मोठा होता! आयुष्यात मला ओरडायचं नव्हतं असा तो एकच मासा. मी चूपचाप दोन पावलं खाली सरकलो.

"तोर्ल्या, काळ्या दगडापुढे टाक. हळू."

"का रे?"

"टाक म्हटलं तर टाक, गाढवा!"

त्याने टाकली. त्याची दोरी पाण्यात जरा फरफटली, आणि मग रीळ किंचाळलं.

६

"लागला!" तोर्लिफ लहान पोरासारखा ओरडत होता. "मार्ज! लागला! आता काय करू?"

"थांब! एका जागी उभा राहा!" मार्ज ओरडली.

एका जागी. बरोबर आहे, मासा लागला की पाय रोवून उभं राहावं लागतं. तोर्लिफ कंबरभर पाण्यात खिळून उभा राहिला. मी पुढून बाहेर निघालो, कारण तोही रिवाज आहे: कोणाला मासा लागला की बाकीच्यांनी दोरी गुंडाळून पाणी सोडायचं. काठावर चढून मी वळलो, आणि दिसलं.

वाहत्या पाण्यात माणूस उभा असला की त्याच्या पायांशी पाणी दुभंगतं. तोर्लिफच्या पायांशी दुभंगलं होतं. त्याच्या मागे, हाताच्या अंतरावर, पाणी आणखी दोन ठिकाणी दुभंगलं होतं. तिथे पाय नव्हते.

कर्र. कर्र. त्या दोन फटी पुढे आल्या. तोर्लिफच्या मानेवरचे केस ओले होऊन चिकटलेले मला एवढ्या लांबून दिसले.

"ओ!" मी ओरडलो. कोणाला ते माहीत नाही. "मासा लागलाय त्याला! रिवाज आहे का नाही?"

पाणी थांबलं. मी शपथेवर सांगतो, क्षणभर तिथलं पाणी खजील झालं. मग टिक-टिक-टिक, दोरी गुंडाळल्याचा आवाज, शांत, नीटनेटका. दोन फटी काठाकडे वळल्या. कोरड्या गोट्यांवर ओले ठसे उमटत वर आले आणि मार्जच्या शेजारी थांबले.

"जाळीवर पाय देऊ नका," मार्ज माशावरची नजर न काढता म्हणाली.

ठसे एक पाऊल मागे सरले.

मला सरळ बघायचा धीर नव्हता. डोळ्याच्या कोपऱ्यातून टोपी दिसली. भिजून काळी झालेली, हातात धरलेली, मासा लागलेल्याला मान म्हणून. टोपी हातात आहे म्हटल्यावर वरती डोकं असावं, एवढीच माझी माफक अपेक्षा. वरती धुकं होतं. धुकं सगळीकडेच होतं, मान्य. पण हे धुकं नदीसारखं वाहत होतं, आणि त्यातून एक पिवळं पान गिरकी घेत खाली गेलं.

मग मासा उसळला आणि मी माशाकडे बघितलं. कोणीही बघितलं असतं. चांदीचा, गालावर गुलाबी, हातभर!

मार्जने जाळी घातली. तोर्लिफ गुडघ्यांवर बसला, त्याने तो दोन्ही हातांत धरला, पाण्यातच, आणि रडत रडत हसत होता. "बघ गं, मला बघतोय तो," म्हणाला. मग हात उघडले आणि मासा गेला. मार्जने त्याच्या टकलाचा मुका घेतला. मी खिळ्यांच्या बुटांत नाचलो आणि आपटलो. इतका आनंद त्या नदीवर मी तरी पाहिला नव्हता.

"जा आता," मार्ज म्हणाली. "मागे जा."

तोर्लिफ वरच्या टोकाला गेला. धुक्याकडे तोंड करून त्याने विचारलं, "मागून येऊ का?"

"या," कोणीतरी म्हणालं. खरंच सभ्य आवाज. आणि तो माझ्या पाठीमागून आला.

तेव्हा कुठे मला उलगडा झाला, की रांगेतून एक माणूस निघून मागे गेला म्हणजे त्या टोपीवाल्याच्या पुढे कोण उरतो.

"विल्फ!" वरून तोर्लिफ ओरडला. हसू त्याच्या पोटात मावत नव्हतं. "रेंगाळू नकोस रे! सरकत राहा!"

७

तोर्लिफ आता गुरुवारी त्या एकमेव न डुगडुगणाऱ्या स्टुलावर दुपारभर बसतो. झोपतो, घोरतो. वजन वाढलंय. मी एक माशी बांधतो आणि पुढच्या स्टुलावर जातो. बाकी सगळ्या स्टुलांचे पाय मीच कापलेले. मार्ज म्हणते, देव आहे.

गंमत म्हणजे, एवढ्या वर्षांत मासे माझ्यापुढे रांग लावायचे, आणि त्या सकाळपासून एकाने तोंड लावलेलं नाही. रोज जातो. मागे ताल एकदम पक्का. खरं सांगू, सोबत वाईट नाही. रेंगाळत नाही, बडबडत नाही, माझ्या विनोदांना अडवत नाही. फक्त मानेला जरा गारवा असतो, आणि तो रोज जरा वाढतो.

मार्जला म्हटलं, तू पुढे उभी राहतेस का, तर म्हणाली, माझी फरशी आत्ता कुठे वाळली. तोर्लिफ तर घोरतच होता.

म्हणून म्हणतो, तुम्ही या. वसंतात माशांची दुसरी लाट येते, मोहीम आखून तयार आहे. काठी माझी, बूट माझे, लेफ्से मार्जचे, आणि बिस्किटच्या गळ्याखालच्या केसांची खास माशी तुम्हाला फुकट. नदीचं नावसुद्धा सांगेन, कानात. पाहुण्याला आम्ही सगळ्यात पुढचं पाणी देतो, तो मान असतो. तुम्ही आपलं पुढे उभं राहायचं, नजर दोरीवर ठेवायची, मजा करायची. मागे मी आहेच.

आणि पाठीमागून कोणी सभ्य आवाजात विचारलं, मागून येऊ का, तर वळून बघायची काही गरज नाही. तो मीच असेन.

खुशाल "ये" म्हणा.